खेळातला कुत्रा आणि आपले दहा रुपये

डमरूचा आवाज आला की मोहल्ल्यातली पोरे अजूनही धावतात. हातात मोबाइल असला तरी धावतात. पूर्वी मदाऱ्याच्या मागे माकड असायचे. खेड्यात वर्षातून एखादा दरवेशी अस्वल घेऊन यायचा. आता माकड क्वचित दिसते आणि अस्वल तर दिसतच नाही. त्यांच्या जागी पुष्कळदा कुत्रा असतो. लहान चणीचा, पांढऱ्या केसांचा, अंगात मळका झगा घातलेला. मदारी काठी आपटतो, कुत्रा मागच्या दोन पायांवर उभा राहतो, गोल फिरतो, लोखंडी कड्यातून उडी मारतो, मालकाने सांगितले की मेल्यासारखा पडतो. मग तोंडात वाटी धरून लोकांपुढून फिरतो. पोरगा घरात पळत येतो, "अम्मी, दहा रुपये दे ना!" अम्मी फोडणीत असते, डब्यातून नोट काढून देते. खेळ संपतो, डमरू पुढच्या गल्लीत जातो.

याचाच दुसरा प्रकार शहरात सिग्नलवर आणि मोठ्या दर्ग्यांच्या, स्टेशनांच्या बाहेर दिसतो. तिथे खेळ नसतो. मांडीवर महिन्याभराचे पिल्लू घेऊन एखादी बाई किंवा लहान मुलगी बसलेली असते. पिल्लू पाहून लोक थांबतात, मुले हट्ट करतात, पैसे पडतात.

या कुत्र्याविषयी आपल्या घरांत कधी बोलणे होत नाही. कुत्रा हा आपला विषयच नाही अशी एक समजूत आहे. पण त्या दोरीचे दुसरे टोक ज्याच्या हातात असते तो माणूस फार वेळा आपल्यातलाच असतो. कलंदर, मदारी, दरवेशी ही पिढ्यान्‌पिढ्या जनावरांचे खेळ दाखवणारी माणसे बहुतेक मुस्लिम आहेत. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी आहेत आणि त्यांच्या नावाशी 'अस्वलवाले' हे नाव जोडलेले आहे. आपल्याच बिरादरीच्या कडेला उभी असलेली ही माणसे. ती कलमा पढतात, ईदची नमाज आपल्याच सफीत पढतात आणि लग्नसंबंधाची वेळ आली की आपण त्यांना ओळखत नाही. म्हणून हा विषय कुत्र्याचा आहे तितकाच त्या माणसाचाही आहे.

अस्वल कसे सुटले

कुत्र्याकडे येण्याआधी अस्वलाची हकीकत सांगायला हवी, कारण या देशात रस्त्यावरचा एक खेळ खरोखर बंद पडल्याचे हे एक मोठे उदाहरण आहे आणि तो कसा बंद पडला हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना अस्वलवाला आठवत असेल. लहान मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, म्हणजे त्याची भीती जाते. अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायचा, म्हणजे नजर लागत नाही. या दोन्ही समजुती आपल्याही घरांत होत्या आणि त्यांना दीनमध्ये काडीचा आधार नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. अस्वल 'नाचते' ते कसे, हे मात्र कुणी विचारत नसे. जंगलात आईला मारून पिल्लू पळवून आणत. ते काही महिन्यांचे झाले की तापवलेल्या सळईने त्याच्या नाकाला भोक पाडत, भूल वगैरे काही नाही. त्या भोकातून दोरी ओवत. दात पाडत, नखे छाटत. दोरीला हिसका बसला की वेदनेने अस्वल मागच्या पायांवर उभे राही आणि पाय आलटून पालटून उचली. त्याला लोक नाच म्हणत. दोरीने जखम कधी भरूच देत नसत, कारण जखम भरली तर नाच थांबला असता.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे गुन्हा ठरले. तरी पुढची तीस वर्षे अस्वले रस्त्यावर फिरत राहिली. नव्वदच्या दशकात झालेल्या पाहणीत त्यांची संख्या हजाराच्या वर निघाली होती. कायदा होता, पोलीस होते, मग थांबले का नाही? एक तर जप्त केलेले अस्वल ठेवायचे कुठे, याची सोय नव्हती. दात आणि नखे नसलेले जनावर जंगलात सोडले तर मरते. आणि दुसरे म्हणजे कलंदराच्या घरात त्या अस्वलाशिवाय मिळकतीचे दुसरे काही नव्हते. एक जप्त झाले तर तो कर्ज काढून दुसरे पिल्लू विकत घेई. म्हणजे जप्तीमुळे आणखी एका अस्वलिणीचा जीव जाई.

1995 मध्ये कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी कलंदरांच्या वस्त्यांत जाऊन बसायला सुरुवात केली. आग्र्याजवळ कीठमच्या सूर सरोवर अभयारण्यात उत्तर प्रदेशच्या वनखात्याबरोबर अस्वलांसाठी आसरा उभा केला. 2002 च्या अखेरीस तिथे पहिली अस्वले आली. सौदा साधा होता. कलंदराने अस्वल द्यायचे, पुन्हा हा धंदा करणार नाही असे लिहून द्यायचे आणि बदल्यात नव्या धंद्यासाठी भांडवल घ्यायचे. कुणी रिक्षा घेतली, कुणी किराणा दुकान टाकले, कुणी गालिचे विणायला बसला. बायकांना शिलाई आणि भरतकाम शिकवले, मुलांच्या शाळेचा खर्च उचलला. काही कलंदर त्याच केंद्रात नोकरीला लागले. ज्या हातांनी दोरी ओढली तेच हात अस्वलाला खीर भरवू लागले. पुढे बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा, भोपाळचे वनविहार, बंगालमधले पुरुलिया इथेही अशी केंद्रे झाली. 2009 च्या डिसेंबरात राजू नावाचे अस्वल बन्नेरघट्ट्याला पोचले, ते भारतातले शेवटचे नाचणारे अस्वल मानले जाते. तोवर सहाशेहून अधिक अस्वले सुटली होती.

सगळे कलंदर सुखी झाले असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. ज्याला शेतीवाडी नाही, कागदपत्रे नाहीत, त्याचे एक दुकान बुडाले की तो परत रस्त्यावर येतो. पण कायद्याला तीस वर्षांत जे जमले नाही ते कायदा आणि रोजगार एकत्र आल्यावर सात वर्षांत जमले. हे आकडे आपल्या डोळ्यांपुढे राहू द्यावेत.

यादीतून सुटलेला प्राणी

आता कुत्र्याकडे येऊ. जनावरांना क्रूरतेपासून वाचवणारा मूळ कायदा 1960 चा. तो यावा म्हणून राज्यसभेत पहिला आग्रह धरला तो भरतनाट्यमच्या थोर कलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. या कायद्याखाली सरकारने 2 मार्च 1991 रोजी एक अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा या पाच प्राण्यांना खेळासाठी शिकवायला आणि त्यांचे खेळ करायला बंदी. होय, कुत्रा त्या यादीत होता. सर्कसवाले न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शुद्धिपत्रक काढून कुत्र्याला यादीतून वगळण्यात आले. 1998 मध्ये यादी नव्याने निघाली तेव्हा अस्वल, माकड, वाघ आणि बिबट्याच्या जोडीला सिंह आला. कुत्रा परतला नाही. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी योग्य ठरवली. बाकीच्यांची सुटका पक्की झाली आणि कुत्रा मागे राहिला.

त्याच कायद्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. जनावरांच्या खेळांसाठी नोंदणी हवी असे एक प्रकरण त्यात आहे, पण तिथे 'खेळ' म्हणजे तिकीट लावून केलेला खेळ अशी व्याख्या आहे. मदारी तिकीट लावत नाही, वाटी फिरवतो. सर्कशीतल्या कुत्र्यासाठी निदान कागद तरी हवा, गल्लीतल्या कुत्र्यासाठी तोही नको.

उरते ते अकरावे कलम. जनावराला मारणे, छळणे, आजारी किंवा जखमी असताना कामाला जुंपणे, अपायकारक औषध देणे, उपाशी ठेवणे, आखूड साखळीने तासन्‌तास बांधणे हा गुन्हा आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवले नाही तर तोही गुन्हा आहे, असे कुत्र्याचे नाव घेऊन लिहिले आहे. शिक्षा? पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये दंड. साठ वर्षांपूर्वी तो कदाचित दंड वाटत असेल, आज मदारी एका गल्लीत तेवढे कमावतो. जनावराला ठार किंवा अपंग केले तर मात्र नव्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या राज्यात 1959 चा भीकबंदी कायदाही आहे. त्यात नाचगाणे किंवा खेळ करून पैसे मागणे ही भीकच धरली आहे, आणि माणसाची किंवा जनावराची जखम, व्यंग वा आजार दाखवून पैसे मागणेही. पण हा कायदा माणसाला पकडून बंद करतो, त्याच्या कुत्र्याचे काय करायचे हे त्याला सुचत नाही. दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली, गरिबी हा गुन्हा होऊ शकत नाही म्हणून. आम्हाला तो निकाल पटतो. भुकेल्याला कोठडीत घालून कुत्र्याचे भले होईल असे आम्हाला वाटत नाही.

त्याच्या अंगावर काय बेतते

कुत्रा मूळचा शिकणारा प्राणी आहे. तुकडा दाखवून, पाठ थोपटून त्याला बसायला, थांबायला, वस्तू आणायला शिकवता येते आणि तो ते आनंदाने करतो. पोलिसांचे कुत्रे, अंधांना वाट दाखवणारे कुत्रे असेच शिकतात. तेव्हा कुत्र्याने काही करून दाखवले म्हणजे छळ झालाच, असे नाही. प्रश्न कसे शिकवले, किती वेळ करवले आणि कुठे करवले याचा आहे.

मागच्या दोन पायांवर चालणे घ्या. कुत्र्याचा सांगाडा चार पायांवर वजन वाहण्यासाठी घडला आहे. क्षणभर उभे राहणे वेगळे, पण दिवसात पंधरा-वीस खेळ आणि प्रत्येकात दोन पायांवर फेऱ्या, असे वर्षानुवर्षे चालले तर कंबर, गुडघे आणि पाठीचा कणा झिजतो. मग तो लंगडतो आणि लंगडणाऱ्याला पाहून लोक हसतात किंवा जास्त पैसे टाकतात.

उन्हाचे त्याहून वाईट. माणसाला सगळ्या अंगाला घाम येतो, कुत्र्याला फक्त पंजांच्या गादीला थोडासा. बाकी गरमी तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच काढतो. अशा जनावराला एप्रिल-मेच्या दुपारी नायलॉनचा झगा घालून डांबरी रस्त्यावर नाचवले तर काय होईल? ज्या रस्त्यावर आपण तळहात टेकवून दहापर्यंत मोजू शकत नाही तिथे त्याचे पंजे भाजतात. आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण कानांजवळ डमरू आणि थाळी वाजत असते, ते वेगळेच.

मुलांना एक गोष्ट शिकवून ठेवावी, कुत्र्याचे अंग वाचायला. खुशीतल्या कुत्र्याचे अंग सैल असते, शेपूट मोकळी हलते, तो आपणहून माणसाकडे येतो. घाबरलेल्याची शेपूट पोटाखाली जाते, कान मागे चिकटतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, तो वारंवार ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो. काठी नुसती उचलली तरी अंग चोरतो. दहा वर्षांची पोर हे दोन मिनिटांत शिकते आणि मग तिला खेळ बघवत नाही, असा आमचा अनुभव आहे.

मांडीवरच्या पिल्लाचे दुखणे निराळे. इतकी लहान पिल्ले दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे पिल्लू झोपलेले दिसले म्हणजे त्याला गुंगीचे औषध दिलेच, असा आरोप करू नये. पण हॉर्नच्या गोंगाटात, उचलले तरी मान टाकून पडत असेल, डोळे उघडत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. औषध दिले नसले तरी निदान आठ आठवडे आईजवळ असायला हवे ते पिल्लू धुरात बसलेले असते. आईच्या दुधाबरोबर मिळणारी रोगांशी लढण्याची ताकद त्याला पुरती मिळालेली नसते. कित्येक पिल्ले पार्व्होच्या रक्ती जुलाबाने किंवा डिस्टेंपरने चार दिवसांत मरतात. ते मेले की दुसरे येते. पिल्लू मोठे झाले की त्याच्याकडे बघून कुणी थांबत नाही, मग ते तिथेच सोडून दिले जाते.

त्या पिल्लाला कुरवाळणारी आपली मुलेही त्यात आहेत. लस न टोचलेले पिल्लू खेळता खेळता चावले किंवा त्याची लाळ जखमेवर लागली तर रेबीजचा धोका असतो, पिल्लू आहे म्हणून तो कमी होत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-मिरची भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे. लस तिथे मोफत मिळते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कुणी वाचत नाही.

नापाक म्हणजे निर्दयतेची परवानगी नव्हे

आपल्याकडे कुत्र्याविषयी बोलायला लागले की पहिले वाक्य येते, "अरे, नापाक आहे तो!" ही गोष्ट फिकहची आहे, ती तिच्या जागी ठेवू. देशावरचे बहुतेक आपण हनफी, कुत्र्याची लाळ नापाक मानतो. कोकणातले आपले शाफई बंधू याबाबत अधिक कडक, त्यांच्याकडे कुत्र्याचे ओले अंग लागले तरी सात वेळा धुवावे लागते, त्यातले एकदा मातीने. मालिकी मताप्रमाणे कुत्रा पाक आहे. पण हा सगळा मसला कपडे, भांडी आणि वुजूचा आहे. धुण्याचा नियम सांगणाऱ्या एकाही इमामाने त्याला उपाशी ठेवा, उन्हात नाचवा असे सांगितलेले नाही.

उलट आपल्या प्रत्येक मुलाला मदरशात ऐकवली जाणारी हदीस कुत्र्याचीच आहे. प्रवासात तहानलेला माणूस विहिरीत उतरून पाणी पितो, वर येतो तर तहानेने चिखल चाटणारा कुत्रा दिसतो. तो पुन्हा खाली उतरतो, चामडी मोजा पाण्याने भरतो, दातांत धरून वर येतो, कुत्र्याला पाजतो आणि अल्लाह त्याला माफ करतो. सोबत्यांनी विचारले, जनावरांच्या बाबतीतही सवाब असतो का? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक सजीवाच्या बाबतीत तो असल्याचे सांगितले. कुरआनात गुहेतल्या तरुणांबरोबर उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. शिकारी कुत्र्याने धरून आणलेली शिकार हलाल आहे. शेत, गुरे आणि शिकार यांसाठी कुत्रा पाळायला मुभा आहे.

या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळची हदीस मात्र उंटाची आहे. एका अन्सारीच्या बागेत प्रेषित (स.) गेले. तिथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याच्या कानामागे हात फिरवला, तो शांत झाला. मग मालकाला बोलावून सांगितले की अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराच्या बाबतीत तू अल्लाहचे भय बाळगत नाहीस, ते तक्रार करते आहे की तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस. तो मालक काही जुलमी सरदार नव्हता, आपल्या बागेत कष्ट करणारा माणूस होता. पोटासाठी राबवले हे उत्तर तिथे चालले नाही.

जनावरांच्या झुंजी लावायलाही हदीसमध्ये मनाई आहे. तरी पाकिस्तानात पंजाब आणि सिंधच्या मेळ्यांत जमीनदारांच्या शौकासाठी अस्वलाला खुंट्याला बांधून त्यावर कुत्रे सोडायचे प्रकार चालत आले. अस्वल कलंदराचे, कुत्रे जमीनदाराचे, रक्त दोघांचेही. तिथल्या कार्यकर्त्यांनी शुक्रवारच्या खुतब्यातून हा विषय मांडण्यासाठी इमामांना साथीला घेतले. मिंबरवरून सांगितलेली गोष्ट गावात वेगळ्या वजनाने ऐकली जाते. आपल्याकडच्या खतीब साहेबांनी वर्षातला एक जुमा या विषयाला द्यायला काय हरकत आहे?

तेराव्या शतकातले शाफई आलिम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे हक्क क्रमाने लिहून ठेवले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी झाले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी मालकाने त्याच्यावर खर्च करत राहायचे, हा त्यातला एक. सिग्नलवर सोडून दिलेल्या मोठ्या पिल्लाला हा नियम लागू होत नाही, असे कोण म्हणेल?

एक अडचण उघडपणे बोलायला हवी. 'प्राणिमित्र' हा शब्द ऐकला की आपल्या मोहल्ल्यात माणसे सावध होतात, कारण बकरी ईद जवळ आली की या शब्दाआडून आपल्यावर काठी उगारली जाते, हे आपण पाहतो. पण 1960 च्या त्याच कायद्याच्या 28 व्या कलमात धर्माच्या रीतीप्रमाणे केलेली जबीहा गुन्हा ठरत नाही, असे लिहिले आहे. दुसऱ्यांच्या राजकारणामुळे आपण आपलीच हदीस सोडून द्यावी, हे आम्हाला मान्य नाही.

"अब ये बी जाएंगा तो क्या खाएंगे?"

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात एक म्हातारे दरवेशी चाचा कुत्रा घेऊन येतात. कुत्र्याचे नाव मोती. मोती डावा मागचा पाय जरा ओढतो. आम्ही चहा मागवला, चाचांनी बशीत ओतून पहिला घोट मोतीला दिला.

"चाचा, याचा पाय दुखतोय. डॉक्टरला दाखवलंत?"

"डाक्टर कू दिखाने गए तो उस दिन का धंदा कौन करेंगा? मेरे अब्बा रीछ फिराते थे. रीछ गया. मैं बंदर फिराया, बंदर बी गया. अब ये बी जाएंगा तो क्या खाएंगे, बोलो."

"हा रात्री कुठे झोपतो?"

"मेरे पैराँ के पास. और किधर?"

त्या चहाने आमची पंचाईत केली. हा माणूस क्रूर आहे असे आम्हाला म्हणता येईना आणि मोतीचा पाय दुखत नाही असेही म्हणता येईना. रागावून चाचांना पोलिसांत दिले असते तर मोती कोंडवाड्यात गेला असता आणि पंधरा दिवसांनी चाचांनी दुसरे पिल्लू उचलले असते. अस्वलाची तीस वर्षे अशीच गेली होती.

पण कुत्रा आणि अस्वल यांत एक फरक आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. अस्वल जंगलाचे, त्याला माणसापासून वेगळे करावेच लागले, त्यासाठी अभयारण्य, कुंपण, पशुवैद्य आणि आयुष्यभराचा खर्च लागला. कुत्रा हजारो वर्षांपासून माणसाजवळ राहतो. मोतीला चाचांपासून तोडायचे कारण नाही, चाचांची कमाई मोतीच्या पायांवरून उतरवली की झाले. त्याला लागणारा पैसा एका मोहल्ल्याच्या आवाक्यातला आहे.

त्यासाठी खेळाला दिलेले दहा रुपये आधी थांबवावेत. वाटीत टाकलेला पैसा मोतीच्या पुढच्या खेळाचा विसार असतो. नोटेऐवजी कुत्र्याला सावलीत पाणी आणि मालकाला जेवण द्यावे, दोन शब्द बोलावेत, नाव-गाव विचारावे. काठीचा मार, उघडी जखम किंवा गुंगीतले पिल्लू दिसले तर मात्र गप्प बसू नये. पोलिसांना अकरावे कलम सांगावे, जिल्ह्याच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेला कळवावे. मुंबईत ही संस्था 1874 पासून आहे आणि तिचे परळचे जनावरांचे रुग्णालय बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने सगळ्या शहराला ठाऊक आहे. इतरत्र तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

मग प्रश्न येतो जकातीचा. कुरआनाने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले त्यांत फकीर आणि मिस्कीन पहिले. दारोदार कुत्रा नाचवणाऱ्या दरवेशीपेक्षा जवळचा मिस्कीन आणखी कुठे शोधायचा? पण रमजानात आपण त्याला शंभर-दोनशे रुपये देतो, तो ते खातो आणि शव्वालच्या पहिल्या आठवड्यात डमरू पुन्हा वाजतो. त्याऐवजी चार घरांनी आपली जकात एकत्र करून त्याला मालकी हक्काने एखादी वस्तू द्यावी. हातगाडी, शिलाई मशीन, दोन शेळ्या, पंक्चर काढायचा संच, जे त्याला आणि त्याच्या बायकोला जमेल ते. जकात अदा व्हायला वस्तू त्याच्या मालकीची व्हावी लागते, तेव्हा ती जमातीच्या नावावर ठेवू नये. सोबत त्याचे आधार, रेशनकार्ड आणि जातीचा दाखला यांसाठी कुणी शिकलेल्या मुलाने चार हेलपाटे घालावेत. भटक्या जमातीचा दाखला मिळाला की त्याच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे दार उघडते. जुने पुरावे नसल्याने हा दाखला मिळवणे कठीण जाते, आणि खरी मदत तिथेच लागते.

आमच्या मोहल्ल्यातल्या तीन घरांनी चाचांना शेळ्या घेऊन द्यायचे ठरवले आहे. चाचांनी दोन आठवडे उत्तर दिले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारले, शेळ्यांच्या राखणीला मोती चालेल का? शेळ्या राखणारा कुत्रा पाळायला हनफी आणि शाफई दोघांकडेही मुभा आहे, हे मौलाना साहेबांनी त्यांना मशिदीच्या पायरीवरच सांगितले. मोतीच्या पायाचा एक्स-रे तालुक्याला निघत नाही, त्यासाठी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागेल आणि एसटीत कुत्रा घेतील की नाही याची चौकशी सध्या चालू आहे.